एनसीच्या चिठ्ठीपासून समरीपर्यंत: फौजदारी कायद्याविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकातले सगळे प्रश्न फौजदारी कायद्याचे आहेत. आधी एक खुलासा. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. उत्तरांत त्यांना न्याय संहिता, सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम एवढंच म्हटलं आहे. नुसतं ‘कलम’ लिहिलं असेल तिथं गुन्ह्याचं कलम न्याय संहितेचं आणि प्रक्रियेचं कलम सुरक्षा संहितेचं समजावं. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर गुन्ह्याचं कलम जुन्या दंड संहितेचंच लागतं, मग फिर्याद आज का दिलेली असेना. म्हणून कोर्टाच्या बोर्डावर अजून कित्येक वर्षं ३०२ आणि ४२० दिसत राहतील.

बांधाच्या वादातून शेजाऱ्यांनी माझ्या भावाला काठीनं मारलं. मनगट सुजलं होतं. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘एनसी’ लिहून घेतली, एक चिठ्ठी दिली आणि कोर्टात जा म्हणाले. तीन दिवसांनी एक्स-रे काढला तर हाड मोडलेलं निघालं. आता काय करायचं? एनसी म्हणजे गुन्हा नाही का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

एनसी हाही गुन्हाच आहे. फरक पोलिसांच्या अधिकारात आहे. कायद्यानं गुन्ह्यांचे दोन गट केले आहेत, दखलपात्र आणि अदखलपात्र (इंग्रजीत नॉन-कॉग्निझेबल, म्हणून ‘एनसी’). दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्यांना तपासच करता येत नाही. म्हणून ते खबर नोंदवहीत लिहितात, नक्कल देतात आणि कोर्टाकडे बोट दाखवतात. सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये नेमकं हेच सांगितलं आहे. तेव्हा त्या दिवशी ठाणे अंमलदारानं केलं ते टाळाटाळ होतीच असं नाही.

कोणता गुन्हा कोणत्या गटात, हे पोलिसांच्या मर्जीवर नसतं. सुरक्षा संहितेच्या शेवटी पहिली अनुसूची आहे. तिच्यात प्रत्येक कलमापुढं चार गोष्टी छापल्या आहेत: शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कोणत्या कोर्टात चालणार. वकील पहिल्यांदा हाच तक्ता उघडतो. एनसीच्या चिठ्ठीवर पूर्वी ३२३, ५०४, ५०६ ही तीन कलमं हमखास असायची. आता त्यांची जागा ११५(२), ३५२ आणि ३५१(२) यांनी घेतली आहे, म्हणजे साधी दुखापत, शिवीगाळ आणि धमकी. साध्या दुखापतीला कमाल एक वर्ष कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तुमच्या प्रकरणाचा रंग एक्स-रेनं बदलला. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ‘गंभीर दुखापत’ म्हणजे काय, याचे आठ प्रकार दिले आहेत. दृष्टी किंवा श्रवणशक्ती कायमची जाणं, अवयव निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं यांच्याबरोबर हाड किंवा दात मोडणं वा निखळणं हाही एक प्रकार आहे. माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत असेल किंवा नेहमीची कामं करू शकत नसेल, तर तीही गंभीर दुखापत. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. गंभीर दुखापतीला कलम ११७(२) लागतं. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. एक लक्षात ठेवा: हकिकतीत चार गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं, असं कलम १७४ मध्येच लिहिलं आहे. म्हणजे शिवीगाळ आणि धमकीचा तपासही आता पोलिसांनीच करायचा.

काय करायचं ते क्रमानं. एनसीचा क्रमांक आणि तारीख घालून ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहा. सोबत एक्स-रेचा अहवाल आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा, भावाचा पुरवणी जबाब घेऊन गुन्हा नोंदवावा अशी मागणी करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का नसलेला अर्ज कोर्टात दाखवून काही उपयोग नसतो. भावाला सरकारी रुग्णालयात नेलं नसेल तर पोलिसांकडून ‘मेडिकल यादी’, म्हणजे तपासणीसाठी रुग्णालयाच्या नावे दिलेलं पत्र, मागून घ्या.

अशी प्रकरणं कुठं फसतात? पहिली जागा म्हणजे रुग्णालयाचा केसपेपर. दवाखान्यात ‘कसं लागलं?’ विचारल्यावर भांडणाची कटकट नको म्हणून घरची माणसं ‘पडला’ म्हणून सांगतात. ते तसंच लिहिलं जातं आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील तोच कागद डॉक्टरांच्या हातात देतो. दुसरी जागा म्हणजे मधले तीन दिवस. हाड त्याच दिवशी मोडलं की नंतर, हा प्रश्न येणारच. म्हणून सूज केव्हा वाढली, आधी कोणाला दाखवलं, एक्स-रे उशिरा का काढला, हे पुरवणी जबाबात आलं पाहिजे. तिसरी जागा हत्याराची. ‘घातक हत्यारानं दुखापत’ हे वेगळं कलम आहे, ११८. कोयता किंवा कुऱ्हाड असेल तर वाद होत नाही. काठीच्या बाबतीत ती किती जाड होती, लोखंडी कडं होतं का, वार कुठं बसला, यावर कोर्ट ठरवतं. जबाबात नुसतं ‘काठी’ न लिहिता वर्णन लिहा. खरं तेवढंच लिहा, वाढवून लिहिलेलं उलटतपासणीत टिकत नाही.

आणि हाड मोडलंच नसतं तर? मग दोन वाटा होत्या. तपासाच्या परवानगीसाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाणं, किंवा कलम २२३ खाली स्वतः खासगी फिर्याद दाखल करणं. खासगी फिर्यादीत पुरावा उभा करण्याचा भार तुमच्यावर, आणि नव्या कायद्यानुसार कोर्ट दखल घेण्याआधी समोरच्याचंही म्हणणं ऐकतं. शिवाय मुदत असते. ज्या गुन्ह्याला कमाल एक वर्ष शिक्षा, त्याची मुदत एक वर्ष. एक ते तीन वर्षं शिक्षा असेल तर तीन वर्षं. एनसीची चिठ्ठी कपाटात ठेवून लोक वाट बघत बसतात आणि मुदत निघून जाते.

बांधाच्या भांडणात आणखी एक कागद येण्याची शक्यता आहे. पोलीस दोन्ही बाजूंवर ‘चॅप्टर केस’ करतात, म्हणजे जुनं कलम १०७, आताचं १२६. ग्रामीण भागात ती बहुधा तहसीलदारांपुढं, आयुक्तालयाच्या हद्दीत सहायक पोलीस आयुक्तांपुढं चालते. यात एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचं बंधपत्र घेतलं जातं. मार खाल्लेल्यालाही नोटीस येते आणि तो चिडतो. पण ही शिक्षा नाही आणि दोषी ठरवणंही नाही. तारखेला हजर राहून आपलं म्हणणं लेखी द्या, एवढंच.

गुन्हा दखलपात्र आहे हे उघड असूनही पोलीस एफआयआर घ्यायला तयार नाहीत. ‘आधी चौकशी करू’, ‘आमची हद्द नाही’ असं सांगतात. पायरी कोणती?
— नाशिक

हद्दीचं कारण आता चालत नाही. कलम १७३ प्रमाणे घटना कुठंही घडली असो, कोणत्याही ठाण्यानं खबर नोंदवायची आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठवायची. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. खबर ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही केली तरच ती नोंदीवर येते. सही राहिली की लोकांना वाटतं तक्रार झाली, प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं.

‘आधी चौकशी’ मात्र कधी कधी कायदेशीर असते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं की खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. प्राथमिक चौकशीची मुभा कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी, भ्रष्टाचार आणि विनाकारण तीन महिन्यांहून जास्त उशीर झालेली प्रकरणं अशा ठिकाणीच ठेवली. नव्या संहितेनं त्यात भर घातली: तीन वर्षं किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका. चौकशी कोणत्या कलमाखाली, कोणाच्या परवानगीनं आणि कधी सुरू झाली, ते लेखी विचारा. चौदा दिवस तिथून मोजायचे.

नकारच असेल तर तक्रारीचा गोषवारा लेखी करून पोलीस अधीक्षकांना पाठवा, आयुक्तालयात असाल तर उपायुक्तांना. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोच जपून ठेवा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे कलम १७५(३) खाली अर्ज. हा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो आणि आधीच्या दोन्ही पायऱ्या केल्याचा पुरावा जोडावा लागतो. थेट कोर्टात धाव घेतलेले अर्ज याच कारणानं फेटाळले जातात. आता कोर्ट पोलिसांचंही म्हणणं मागवतं, त्यामुळे पहिल्याच तारखेला आदेश मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

फिर्याद लिहिण्याबद्दल थोडं, कारण पुढची सगळी इमारत त्यावर उभी राहते. तारीख, वेळ, ठिकाण, कोण, काय केलं, कोणी पाहिलं, काय गेलं, हे घडलं त्या क्रमानं लिहा. कलमं घालू नका, ते पोलिसांचं काम. उशीर झाला असेल तर कारण तिथंच लिहा. सर्वांत घातक चूक म्हणजे महत्त्वाची गोष्ट राहून जाणं. कोर्टात साक्ष देताना ‘त्यानं गळा दाबला’ म्हणालात आणि फिर्यादीत गळ्याचा उल्लेखच नसेल, तर बचाव पक्ष ती वगळणूक नोंदवून घेतो आणि पुढं ‘ही नंतर रचलेली गोष्ट’ असा युक्तिवाद करतो. सही करण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. नक्कल विनामूल्य मिळते आणि ताबडतोब द्यायची असते. फिर्यादीवर सही होते, पण तपासात पोलीस जे जबाब घेतात त्यांवर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. सही मागितली तर कलम १८१ दाखवा.

मला पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘चौकशीला या’. मग व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो आला. मी आरोपी आहे की साक्षीदार, तेही कळत नाही. गेलो तर अटक करतील का?
— पुणे

नोटिशीवरचं कलम वाचा, उत्तर तिथंच आहे. कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. कलम ३५(३) असेल तर तुमच्यावर संशय आहे, पण अटकेची गरज सध्या वाटत नाही, असा त्याचा अर्थ. हजर राहून सहकार्य करणाऱ्याला अटक करता येत नाही. करायची झाली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं. उलट नोटीस मिळूनही गेलाच नाहीत, तर तीच गैरहजेरी अटकेचं कारण ठरते.

व्हॉट्सॲपवरच्या नोटिशीबद्दल जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट आदेश दिला: कलम ३५ ची नोटीस अशा माध्यमातून बजावायची नाही. तरी भांडत बसण्यापेक्षा ठाण्यात जाऊन कागदी प्रत मागा, मिळाल्याची सही द्या आणि हजर झाल्याची नोंद घ्यायला सांगा. चौकशीच्या काळात वकिलांना भेटण्याचा हक्क आहे, मात्र ते पूर्ण वेळ शेजारी बसून राहतील असं नाही. स्वतःला गोवणारं उत्तर देण्याची सक्ती करता येत नाही, तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चा हक्क आहे. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाबही पुरावा होत नाही. पण त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. साक्षीदार म्हणून बोलावताना स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुलं, साठीच्या वरची, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांना घराबाहेर यायला लावता येत नाही. त्यांचा जबाब घरी येऊन घ्यायचा.

याच ओघात: व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ म्हणत असेल, तर फोन ठेवा आणि १९३० ला कळवा. असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. कॅमेऱ्यासमोर बसवून कोणालाही अटक करता येत नाही आणि जामिनाचे पैसे कुठल्याही खात्यात वळते करायला कोर्ट सांगत नाही.

मुलाला काल रात्री अटक झाली. आम्हाला काहीच समजत नाही. पीसीआर, एमसीआर, जामीन, नव्वद दिवस... सगळं एकदा सांगाल का?
— एक पालक, ठाणे

अटकेच्या वेळी पंचनामा करायचा असतो, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. अटकेची खबर नातेवाइकाला द्यावी लागते. डॉक्टरांकडून तपासणी होते. अंगावर काही खुणा असतील तर तिथं बोला, नंतर सांगितलेलं सिद्ध करणं अवघड जातं. अटकेची कारणं लेखी आणि समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटकेच्या क्षणी ते जमलं नाही तरी रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, कोर्टात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद हाती पडला पाहिजे. वकिलांना पहिला प्रश्न हाच विचारायला सांगा: कारणांचा कागद मिळाला का, आणि किती वाजता? ‘अटकेची कारणं’ म्हणजे नुसती कलमांची यादी नव्हे, या मुलानं नेमकं काय केल्याचा आरोप आहे ते त्यात हवं.

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करावंच लागतं, रविवार असो की दिवाळी. सुट्टीच्या दिवशी रिमांड कोर्ट असतं. तिथं पोलीस कोठडी मागतात, तिलाच पीसीआर म्हणतात. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही. पूर्वी हे पंधरा दिवस सुरुवातीलाच वापरावे लागत. आता ते तुकड्यातुकड्यांनी मागता येतात: साठ दिवसांच्या प्रकरणात पहिल्या चाळीस दिवसांत, नव्वदच्या प्रकरणात पहिल्या साठ दिवसांत. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. यात मुलगा तुरुंगात असतो आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस त्याला घेऊन जाऊ शकत नाहीत. एमसीआर झाली की बहुतेक वकील जामिनाचा अर्ज टाकतात.

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे आणि तो ठाण्यातच मिळतो. जामीनदार मिळेना आणि आठवडा उलटला तर माणूस गरीब आहे असं गृहीत धरून स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे जातमुचलक्यावर सोडायचं असतं. अजामीनपात्र गुन्ह्यात कोर्ट आरोपाचं गांभीर्य, पळून जाण्याची शक्यता, साक्षीदारांवर दबावाची भीती आणि पूर्वीचे गुन्हे बघतं. मृत्युदंड किंवा जन्मठेपेचा आरोप असेल तर सहसा सत्र न्यायालयात जावं लागतं.

आता नव्वद दिवस. पोलिसांनी दोषारोपपत्र ठरलेल्या मुदतीत दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, गुन्हा कितीही मोठा असो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवस, इतर गुन्ह्यांत साठ. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, आणि तो दिवस धरून. ही संधी एका साध्या कारणानं हुकते: हक्क आपोआप अमलात येत नाही, अर्ज करावा लागतो. मुदत संपली, अर्ज केला नाही आणि दुसऱ्या दिवशी दोषारोपपत्र आलं, की हक्क गेला. एकसष्टावा किंवा एक्क्याण्णवावा दिवस दिनदर्शिकेवर आजच लाल शाईनं लिहा. त्या सकाळी कोर्ट उघडताना अर्ज तयार हवा. अमली पदार्थांसारख्या विशेष कायद्यांत ही मुदत लांब असू शकते, ते वकिलांकडून पक्कं करा.

जामीन मंजूर झाला तरी मुलगा त्याच संध्याकाळी घरी येईल असं नाही. जामीनदाराचे कागद लागतात: आधार, शिधापत्रिका, राहत्या जागेचा पुरावा, आणि ऐपत दाखवायला सातबारा, घराची कर पावती किंवा पगारपत्रक. काही कोर्टं तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात, त्याला दिवस जातात. तोवर रोख रक्कम भरून तात्पुरतं सोडावं असा अर्ज करता येतो. जामीनदारानं काय पत्करलं आहे हेही त्याला सांगा: मुलगा तारखेला गेला नाही तर बंधपत्राची रक्कम जामीनदाराकडून वसूल होते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

माझी मोटारसायकल चोरीला गेली. सहा महिन्यांनी कोर्टाची नोटीस आली, ‘अ समरी’ म्हणून. केस बंद झाली का?
— सोलापूर

समरी हा शब्द आपल्याकडचा, जुन्या मुंबई इलाख्यातून आलेला. तपास संपला पण दोषारोपपत्र दाखल करण्याइतकं काही नाही, असं सांगणारा हा अहवाल. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी आणि वाईट हेतूनं दिलेली. ‘क’ म्हणजे खोटीही नाही आणि गुन्हाही नाही: गैरसमज किंवा मुळात दिवाणी वाद. तुमची ‘अ’ आहे, म्हणजे चोरी झाली हे पोलिसांना मान्य आहे. कोर्टानं ती मंजूर केल्याचा कागद विमा कंपनी मागते, प्रमाणित नक्कल काढून ठेवा. उद्या गाडी सापडली तर तपास पुन्हा सुरू होऊ शकतो.

‘ब’ आली असती तर उत्तर वेगळं असतं. ती मंजूर झाली की खोटी माहिती दिल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम २१७ खाली तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. अशा नोटिशीला तारखेला हजर राहून लेखी हरकत द्यावी: कोणत्या साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, कोणतं चित्रीकरण जप्त केलं नाही, हे नेमकेपणानं. ‘पोलिसांनी नीट तपास केला नाही’ एवढ्या वाक्यावर कोर्ट काही करत नाही. हरकत पटली तर कोर्ट पुढील तपासाचा आदेश देतं किंवा अहवाल बाजूला ठेवून स्वतः दखल घेतं.

भांडण मिटलं आहे. मी फिर्यादी आहे, मला केस मागे घ्यायची आहे. पोलीस म्हणतात जमणार नाही.
— रत्नागिरी

बरोबर सांगतात. एफआयआर झाली की खटला सरकारचा, तुम्ही त्यातले साक्षीदार. तडजोड कोणत्या गुन्ह्यात चालते त्याची यादी कलम ३५९ मध्ये आहे. साधी दुखापत असेल तर जखमी माणूस कोर्टापुढं तडजोड करू शकतो. गंभीर दुखापत किंवा मालमत्ता लुबाडणारी फसवणूक असेल तर कोर्टाची परवानगी लागते. यादीत नसलेल्या गुन्ह्यात, उदाहरणार्थ सासरच्या छळाचं कलम ८५, दोन्ही बाजूंनी मिळून उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याची विनंती करावी लागते. खून, बलात्कार, दरोडा यांत ती सहसा ऐकली जात नाही. दुसरा मार्ग म्हणून काही जण साक्षीत ‘आठवत नाही’ म्हणतात. शपथेवर खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा आहे, त्यात पडू नका.

सोसायटीच्या कॅमेऱ्यात मारहाण दिसते आहे. पेनड्राइव्हवर घेऊन पोलिसांना दिली. एवढं पुरेसं आहे का?
— नवी मुंबई

नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नकलेसोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत. ‘अ’ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, म्हणजे तुमच्याकडे सोसायटीचा सचिव किंवा व्यवस्थापक. ‘ब’ भाग तज्ज्ञानं. दोन्हीत फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच म्हणा: फाइलमध्ये एक क्षणाचाही फेरफार झाला तर आकडा बदलतो. म्हणून चित्रीकरण कापून, त्यावर गोल काढून, व्हॉट्सॲपवरून पाठवून मग पेनड्राइव्हवर घेतलं असेल तर ते मूळ राहिलं नाही. यंत्र जुन्या चित्रीकरणावर नवं लिहीत जातं, बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांतच. आजच सचिवांना लेखी कळवा की त्या तारखेचं चित्रीकरण जपून ठेवावं, आणि मूळ यंत्र किंवा हार्डडिस्क पंचनाम्यानं जप्त करावी असा अर्ज तपासी अंमलदाराला द्या. यंत्रातलं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा पुढं-मागं असेल तर किती मिनिटांनी, तेही पंचनाम्यात लिहायला सांगा. घटना ९.१० ची आणि पडद्यावर ८.४७, एवढ्या फरकावरून उलटतपासणीत तासभर जातो.

पंच म्हणून सही करायला बोलावलं. नाही म्हणता येतं का?
— कोल्हापूर

झडतीसाठी लेखी आदेश देऊन बोलावलं आणि योग्य कारणाशिवाय नकार दिला, तर तो गुन्हा आहे. आजारपण, घरातली अडचण ही कारणं चालतात, ‘मला भानगडीत पडायचं नाही’ हे चालत नाही. मात्र कोऱ्या किंवा आधीच लिहून ठेवलेल्या पंचनाम्यावर सही करू नका. वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर सापडली पाहिजे, सीलबंद झाली पाहिजे, सीलवर तुमच्या सहीचं लेबल लागलं पाहिजे. आता झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण कलम १०५ प्रमाणे करावं लागतं, ते चालू आहे ना बघा. कधी सुरू झालं, कधी संपलं, ही वेळ घरी आल्यावर वहीत टिपून ठेवा. साक्षीचं समन्स चार-पाच वर्षांनीही येऊ शकतं.